शब्दशंका: भांडणाचे इंग्रजी

प्रश्न: एका मुदतीवरून मॅनेजरशी माझा वाद झाला. परदेशातल्या सहकाऱ्याला मी लिहिलं, ‘आय हॅड अ फाइट विथ माय मॅनेजर’. त्याने उलट विचारलं, कुणाला लागलं तर नाही ना? माझं काय चुकलं?
— आयटी कर्मचारी, हिंजवडी

उत्तर: व्याकरण चुकलं नाही, जागा चुकली. ‘फाइट’चा पहिला अर्थ मारामारी. नवरा-बायको, भावंडं, मित्र यांच्या तोंडी भांडणालाही इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, सर्रास ‘फाइट’ म्हणतात. पण कचेरीत झालेली ‘फाइट’ ऐकली की समोरच्याला आधी धरलेली कॉलर दिसते. आवाज चढले होते, तर ‘वी हॅड अॅन आर्ग्युमेंट’. आवाज चढले नव्हते, नुसतं पटलं नव्हतं, तर ‘वी डिसअॅग्रीड ओव्हर द डेडलाइन’. ईमेलमध्ये हे दुसरंच बरं. लिहिलेलं राहतं, आणि ‘आर्ग्युमेंट’ शब्दातून कुणीतरी तोल सोडला होता असा वास येतो.

मात्र हा वास ‘हॅव’ या क्रियापदामुळे येतो. ‘हॅव अॅन आर्ग्युमेंट’ म्हणजे वादावादी. ‘मेक अॅन आर्ग्युमेंट’ म्हणजे मुद्दा मांडणं, युक्तिवाद करणं. ‘आर्ग्यू’चंही तसंच. पुढे ‘दॅट’ किंवा ‘फॉर’ आलं तर प्रतिपादन, ‘विथ’ आलं तर हुज्जत. वकील न्यायाधीशांपुढे ‘आर्ग्यू’ करतो, तेव्हा ‘बिफोर द जज’ म्हणायचं. ‘विथ द जज’ म्हटलं तर त्या वकिलाची काही खैर नाही.

‘फाइट विथ’मध्ये आणखी एक खोच आहे. त्याचा अर्थ ‘विरुद्ध लढणं’ असाही होतो आणि ‘खांद्याला खांदा लावून लढणं’ असाही. ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश’ हे वाक्य १८१७-१८ च्या युद्धाबद्दल असेल तर विरुद्ध. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींबद्दल असेल तर सोबत. संदर्भाने उलगडा होत नसेल तिथे ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अलाँगसाइड’ लिहावं.

प्रश्न: आठवीच्या मुलांना ‘क्वॉरल’ आणि ‘आर्ग्युमेंट’ यांतला फरक कसा सांगावा? आणि वर्तमानपत्रात दिसणारा ‘रो’ कोणता?
— शिक्षिका, सातारा

उत्तर: ‘आर्ग्युमेंट’ला मुद्दा लागतो. ‘क्वॉरल’ मुद्द्याशिवायही चालतं. त्यात राग महत्त्वाचा, आणि माणसं बहुधा एकमेकांच्या ओळखीची असतात. आर्ग्युमेंट संपल्यावर दोघं एकत्र चहा पितील. क्वॉरलनंतर काही दिवस अबोला राहण्याचा संभव जास्त. रोजच्या बोलण्यात हा शब्द आता थोडा पुस्तकी वाटतो. ‘आय हॅव नो क्वॉरल विथ दॅट’ या वाक्यात तर भांडणच नाही. ‘त्याला माझी हरकत नाही’ एवढाच अर्थ. स्पेलिंगमध्ये भूतकाळी रूपाला ब्रिटिश दोन एल लावतात, अमेरिकन एक.

भांडण या अर्थी तो शब्द ‘राउ’ असा उच्चारायचा, ‘काउ’शी यमक जुळेल असा. ‘रो’ म्हणजे रांग. स्पेलिंग एकच, आर-ओ-डब्ल्यू. ब्रिटनमध्ये घरगुती कडाक्याच्या भांडणालाही ‘राउ’ म्हणतात, अमेरिकेत तो फारसा चालत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांना तो प्रिय आहे याचं कारण तीन अक्षरांत मथळा बसतो. म्हणून मथळ्यातल्या ‘राउ’वरून भांडण किती मोठं हे कळत नाही.

किरकोळ भांडणांचे शब्द मुलांना मराठीच्या जोडीने द्यावेत, लवकर बसतात. ‘बिकरिंग’ म्हणजे सततची कुरबूर. ‘स्क्वॉबल’ला गलका जास्त, कारण क्षुल्लक: खिडकीजवळ कोण बसणार, ही बसमधली भांडाभांडी. ‘टिफ’ म्हणजे प्रेमातला किंवा मैत्रीतला रुसवाफुगवा. ‘स्पॅट’ म्हणजे उडालेला खटका. तो टिकत नाही. ‘फ्यूड’ला मात्र काळ लागतो, वर्षं किंवा पिढ्या. त्याला ‘भाऊबंदकी’ हा प्रतिशब्द दिला जातो, तो निम्माच बरोबर. फ्यूडला नातं लागतंच असं नाही. उलट बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला जात असतील, तर तो नुसता ‘डिस्प्यूट’.

प्रश्न: महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाला ‘बॉर्डर डिस्प्यूट’ म्हणावं की ‘बॉर्डर कॉन्फ्लिक्ट’?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर: डिस्प्यूट. या दोन शब्दांतली गल्लत उत्तरपत्रिकेत महाग पडते, म्हणून जरा सविस्तर.

डिस्प्यूटमध्ये एक ठरावीक दावा असतो. एक पक्ष तो करतो, दुसरा नाकारतो, आणि तिसऱ्यापुढे ठेवून त्याचा निकाल लावता येतो. म्हणून कायद्याला हा शब्द सोयीचा. राज्यघटनेचा अनुच्छेद २६२ आंतरराज्य नद्यांच्या पाण्याच्या ‘डिस्प्यूट्स’बद्दल आहे. १९५६ च्या कायद्याच्या नावात तोच शब्द, आणि १९६९ साली नेमलेल्या कृष्णा लवादाच्या नावातही तोच. राज्याराज्यांतले दावे अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात जातात, तिथेही ‘डिस्प्यूट’च आहे. सीमाप्रश्न १९६६ साली महाजन आयोगाकडे गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिसऱ्यापुढे मांडलेलं भांडण, म्हणजे डिस्प्यूट.

‘कॉन्फ्लिक्ट’ दोन टोकांना वापरला जातो. एका टोकाला बंदूक. युद्धकाळातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारांत ‘युद्धा’सोबत ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द घातला तो विचारपूर्वक. युद्ध रीतसर जाहीर केलेलंच नाही, मग नियम कसले, अशी पळवाट सरकारांना राहू नये म्हणून. त्यामुळे सीमाप्रश्नाला ‘बॉर्डर कॉन्फ्लिक्ट’ लिहिलं की परदेशी वाचकाला दोन राज्यांच्या पोलिसांमध्ये गोळीबार चालू आहे असं वाटू शकतं.

दुसऱ्या टोकाला कुणीच भांडत नसतं, दोन गोष्टी एका जागी नांदू शकत नाहीत एवढंच. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ हे त्याचं उदाहरण. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या वेळी मंडळाबाबत तो रोज छापून येत होता. मंडळाचा पदाधिकारीच एखाद्या संघाचा मालक असेल, तर त्याचं कुणाशी वाजलेलं नसतं. त्याची दोन कर्तव्यं आपसात टकरावतात. याचा अनुवाद ‘हितसंबंधांतला वाद’ असा केला की अर्थ पार बदलतो; ‘हितसंबंधांचा संघर्ष’ रुळला आहे, तोच ठेवावा. मात्र दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तर रोजच्या इंग्रजीत ‘द डेट्स क्लॅश’ म्हणतात.

याच कारणाने ‘तंटामुक्त गाव’ (ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली) याचं इंग्रजी ‘डिस्प्यूट-फ्री’ करावं. ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री’ हा शिक्का हिऱ्यांच्या बाजारात चालतो. तिथे त्याचा अर्थ, या हिऱ्याच्या पैशातून बंडखोरांचं युद्ध पोसलेलं नाही. २००३ पासूनची किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे हिऱ्यांना दाखला देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, त्याचसाठी आहे.

उच्चाराचंही पाहा. ‘कॉन्फ्लिक्ट’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘डिस्प्यूट’चा जोर प्रमाण उच्चारात दोन्ही वेळा दुसऱ्यावर. आणि क्रियापद म्हणून त्याचा अर्थ ‘भांडणं’ नव्हे, ‘खरं मानायला नकार देणं’ असा होतो. कार्डाच्या बिलात न केलेली खरेदी दिसली तर ‘आय डिस्प्यूट धिस चार्ज’ लिहा. बँकेच्या अर्जातही हाच शब्द सापडेल.

प्रश्न: बातमीत ‘ऑल्टरकेशन’, ‘अफ्रे’, ‘रायट’ यांपैकी काय वापरावं?
— वार्ताहर, जालना

उत्तर: ‘ऑल्टरकेशन’ म्हणजे बाचाबाची. हात उगारले गेले असतील तरच आधी ‘फिजिकल’ लावा. उरलेले दोन कायद्याचे शब्द आहेत, ते अंदाजाने वापरू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ प्रमाणे ‘अफ्रे’ला, म्हणजे उघड्यावरच्या मारामारीला, किमान दोन माणसं, सार्वजनिक जागा आणि शांतताभंग, तिन्ही लागतं, शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंद घरातली मारामारी अफ्रे होत नाही. ‘रायट’ला, म्हणजे दंगलीला, पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव लागतो.

प्रश्न: टीव्हीवरच्या आरडाओरड्याला ‘डिबेट’ म्हणणं बरोबर आहे का?
— वाचक, मडगाव

उत्तर: डिबेटमध्ये बाजू, वेळ आणि क्रम आधी ठरलेले असतात, आणि वक्त्याला स्वतःची बाजू पटलेली असलीच पाहिजे असं नाही. ‘न्याय’ या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत: तत्त्व कळावं म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडायची ती वितंडा. वादविवाद स्पर्धेतली डिबेट जल्पाच्या जवळची. टीव्हीवरची कुठे बसते, ते तुम्हीच पाहा. जाता जाता: ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लावू नका, ‘डिस्कस द इश्यू’ पुरेसं आहे.

प्रश्न: ‘डिसेंट’ आणि ‘डिसअॅग्रीमेंट’ एकच ना? आणि ‘ही डिसअॅग्रीड टू साइन’ चालेल का?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: नाही, आणि नाही. डिसअॅग्रीमेंट कुणाचीही कुणाशीही होते. डिसेंट म्हणजे बहुमताशी किंवा अधिकृत भूमिकेशी नोंदवलेली असहमती. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालात न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी चार विरुद्ध एक अशी डिसेंट दिली. त्या चौघांचंही खन्नांशी डिसअॅग्रीमेंट होतंच, पण त्यांनी ‘डिसेंट दिली’ असं म्हणता येत नाही. समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका म्हणजे ‘नोट ऑफ डिसेंट’.

सही करायला नकार दिला तर ‘ही रिफ्यूज्ड टू साइन’. ‘अॅग्री टू’ आहे म्हणून ‘डिसअॅग्री टू’ होत नाही. डिसअॅग्रीपुढे व्यक्ती किंवा मत आलं तर ‘विथ’, विषय आला तर ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’. हेच क्रियापद निर्जीव गोष्टींनाही लागतं: ‘प्रॉन्स डिसअॅग्री विथ मी’ म्हणजे कोळंबी मला सोसत नाही, आणि ‘द टू फिगर्स डिसअॅग्री’ म्हणजे दोन आकड्यांचा मेळ बसत नाही.