‘कार्ल’ या नावाचा खरा अर्थ कोणता: ‘स्वतंत्र माणूस’ की ‘राजा’?

जर्मनीत स्थायिक झालेल्या आपल्या भाच्याने मुलाचे नाव ‘कार्ल’ ठेवायचे ठरवले आहे. नावांच्या एका यादीत त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ असा दिला आहे, तर दुसरीत ‘राजा’, आणि यांतला खरा कोणता, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे पुण्यात जर्मन शिकवतो आणि हा प्रश्न वर्गातही निघतो. माझ्या मते पहिली यादी बरोबर आहे. दुसरीत मात्र घोडा गाडीच्या मागे बांधलेला आहे, कारण ‘कार्ल’चा अर्थ राजा नव्हता, तर एका कार्लमुळे काही भाषांत राजालाच ‘कार्ल’ म्हणू लागले.

मूळ जर्मानिक (जर्मन, इंग्रजी, स्वीडिश वगैरे भाषांच्या कुळातल्या) शब्दाचा अर्थ नुसता ‘पुरुष’ किंवा ‘नवरा’ असा होता, आणि समाजाच्या उतरंडीत तो सरदार व गुलाम यांच्यामधल्या, स्वतःची जमीन कसणाऱ्या माणसाला लागू पडे. एका प्राचीन नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, काव्यात समाजाचे तीन मूळपुरुष येतात: गुलामांचा थ्राल, सरदारांचा यार्ल आणि या दोहोंमधला कार्ल, जो बैलांना वळण लावतो, नांगर घडवतो आणि कोठारे बांधतो. आजच्या जर्मनमधला ‘केर्ल’ हा शब्द याच कुळातला असून आपल्या ‘गडी’ या शब्दाची छटा त्यात बरीचशी उतरते. इंग्रजीत मात्र त्याच्याच भावंडाची दशा झाली. जुन्या इंग्रजीतला हा मोकळा शेतकरी पुढे ‘चर्ल’ म्हणजे गावंढळ, उद्धट माणूस ठरला.

फ्रीडरिश, लुडविग यांसारखी जुनी जर्मानिक नावे बहुधा दोन शब्दांची सांधलेली आणि भारदस्त अर्थाची असतात. त्यांच्या शेजारी ‘कार्ल’ हे एकेरी नाव अगदीच साधे वाटते, आणि ते गाजले ते फ्रँक या जुन्या जर्मानिक लोकांच्या एकाच घराण्यामुळे. इ. स. 732 च्या लढाईने प्रसिद्ध झालेला कार्ल मार्टेल हा स्वतः राजा नव्हता, राजवाड्याचा कारभारी होता. आपल्याकडच्या पेशव्यांची आठवण व्हावी असेच ते पद होते. त्याचा नातू कार्ल 768 मध्ये गादीवर आला आणि 800 च्या नाताळात रोममध्ये सम्राट झाला; इंग्रजी पुस्तकांतला शार्लमेन तो हाच. त्याच्या सनदांवरची मुद्रा पाहण्यासारखी आहे: लॅटिन ‘कारोलुस’मधली चार व्यंजने क्रुसाच्या चार टोकांना आणि स्वर मधल्या चौकटीत गुंफलेले. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की, उतारवयात लिहायला शिकण्यासाठी तो उशीखाली पाट्या ठेवीत असे, पण ते त्याला फारसे साधले नाही.

या सम्राटाचा दरारा पूर्वेकडच्या स्लाव लोकांवर असा बसला की त्याचे नावच त्यांच्या भाषांत ‘राजा’ या अर्थाचा शब्द झाले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात: चेकमध्ये ‘क्राल’, पोलिशमध्ये ‘क्रूल’, रशियनमध्ये ‘कोरोल’. ‘वाराणसी’चे ‘बनारस’ होताना अक्षरांची जशी अदलाबदल झाली, तशीच येथेही ‘र’ आणि स्वर यांची झाली. रोमच्या सीझरच्या नावाचा जर्मनमध्ये ‘कैसर’, म्हणजे सम्राट, झाला, त्याच जातीची ही गोष्ट.

फ्रान्समध्ये हे नाव ‘शार्ल’, स्पेनमध्ये ‘कार्लोस’, तर इंग्लंडमध्ये ‘चार्ल्स’ झाले. इंग्लंडमध्ये ते खरे रुजले सतराव्या शतकात, स्टुअर्ट राजांमुळे. त्यांपैकी दुसऱ्या चार्ल्सला 1661 च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई मिळाली, हा आपला या नावाशी आलेला संबंध. स्वीडनमध्ये सप्तर्षींना ‘कार्लची गाडी’ म्हणतात, हे मला या साऱ्यात सर्वांत आवडते.

लोकप्रियतेचे म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल घरोघरी होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘कार्ल-हाइन्त्स’सारख्या जोडनावांची चलती होती, आणि मग हे नाव आजोबांचे म्हणून मागे पडले; अलीकडे जुन्या, आटोपशीर नावांची आवड परतली, तसे तेही परतले आहे. रोमन लिपीत ते ‘के’ने किंवा ‘सी’ने लिहितात. यांत अर्थाचा फरक नाही, पण कागदपत्रांत एकदा जे लिहिले जाईल ते जन्मभर सांगत बसावे लागते, म्हणून आधीच ठरवावे. उच्चारात जर्मन लोक ‘र’ जवळजवळ गिळतात; आपण तो ठसठशीत म्हणणार, आणि मराठी घरात आठवडाभरात त्याचा ‘कार्ल्या’ होणार. मग कारल्याच्या भाजीवरून चिडवणारा एखादा मामा निघणारच, एवढी तयारी भाच्याने ठेवावी.