पोरगं पडलं की उचलायचं का थांबायचं? या वेळचे प्रश्न

सहामाहीचे पेपर मुलांच्या हातात पडले की माझ्याकडे मेसेजचा पाऊस सुरू होतो. ठाण्यातल्या शाळांमधे समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काम करतेय, दर दिवाळीआधी हेच. यावेळी चार प्रश्न घेतलेत.

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा नववीत, आठवीपर्यंत कायम पहिल्या पाचात. यंदा गणित भाग 2 मधे 40 पैकी 13. तेव्हापासून पुस्तकच उघडत नाही, "मला नाही जमणार" एवढंच. त्याचे बाबा म्हणतात आम्ही छड्या खाऊन घडलो, तूच लाडावून ठेवलंयस. कोणाचं बरोबर?

बाबांना सांगा, छड्या खाऊन घडलेलेच दिसतात कारण छड्या खाऊन शाळा सोडलेले आता गेट-टुगेदरला येत नाहीत.

हवाईमधे कवाई नावाचं बेट आहे, तिथे 1955 साली जन्मलेल्या जवळजवळ 700 मुलांवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या टीमने लक्ष ठेवलं, ते थेट मुलं चाळिशीला येईपर्यंत. यातल्या काही मुलांच्या घरी गरिबी, दारू, आजारपण, भांडणं, सगळं एकदम होतं. अशांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही छान, कर्ती निघाली आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी सापडली, जवळ एक तरी मोठं माणूस कायम टिकून होतं, आजी म्हणा, मावशी म्हणा, नाहीतर एखाद्या बाई. बाकीच्या दोन तृतीयांशांना मात्र शाळेत, वागणुकीत त्रास झालाच (त्यातलेही बरेच पुढे सावरले, ते वेगळं). म्हणजे खडतरपणा एकट्याने कोणाला घडवत नाही हो, पाठीशी कोणीतरी लागतं.

आता तुमच्याबद्दल. पाठीशी उभं राहायचं म्हणजे त्याच्या जागी उभं राहायचं नाही. क्लासच्या सरांना तुम्ही मेसेज करू नका, शंका तोच विचारेल, अडखळत विचारू दे. तुम्ही फक्त एका संध्याकाळी पेपर घेऊन शेजारी बसा आणि गेलेले 27 मार्क कुठे गेले ते त्यालाच लिहायला लावा, प्रमेय पाठ नव्हतं म्हणून किती, रचना अर्धवट राहिली म्हणून किती, वेळ पुरला नाही म्हणून किती आणि खरंच काही कळलं नाही म्हणून किती. "मला जमत नाही" हा डोंगर बहुतेक वेळा समांतर रेषा आणि त्रिकोण एवढ्या दोन धड्यांचा निघतो. आणि तो मोजत असताना सल्ला द्यायची उबळ आली तर उठून चहा टाका.

मी कळव्याला शिकवते. वर्गात 62 मुलं, पोर्शन संपत नाही, त्यात आता मुलांना कणखर पण आम्हीच करायचं का?

चिडलात ते योग्यच आहे. वेगळा तास नकोच, पेपर वाटायची पद्धत तेवढी बदलून बघा. आमच्या वेळी बाई मार्कांच्या उतरत्या क्रमाने पेपर वाटायच्या, शेवटचे पाच-सहा उरले की पोटात गोळा यायचा आणि मला आजही भूमिती म्हटलं की प्रमेय आठवत नाही, तो गोळा आठवतो. पेपर उलटा ठेवून द्या, मार्क मोठ्याने वाचू नका, आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं प्रत्येकाने आपली एकच चूक दुरुस्त करायची, बास. कधीतरी फळ्यावर स्वतः अडका आणि "थांबा, माझं कुठेतरी चुकलंय" असं म्हणत चूक शोधा. मुलं ते विसरत नाहीत.

ताई, मी दहावीत आहे, वर्तकनगरला राहतो. प्रिलिमला सायन्समधे उडालो, ग्रुपवर माझ्यावर मीम बनवलं. रात्री 2-3 पर्यंत झोप नाही. सगळं संपलंय असं वाटतं.

आधी सरळ विचारते. "संपलंय" म्हणजे जगणंच नको असं मनात येतंय का? येत असेल तर आजच, हे वाचून झाल्या झाल्या, घरातल्या कोणाला तरी सांग. तोंडाने जमत नसेल तर ही लाईन दाखव. टेली-मानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, नंबर 14416, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. 1098 हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर पण चालतो. हे सांगण्यात कमीपणा काहीच नाहीये.

तसं नसेल तर ऐक. प्रिलिमचे मार्क बोर्डाच्या मार्कशीटवर येत नाहीत. समजा बोर्डातच एक-दोन विषय गेले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, शिवाय पुरवणी परीक्षा असतेच. म्हणजे तुला वाटतोय तसा रस्ता बंद नाही. झोपेचं मात्र मनावर घे, तुझ्या वयाला 8 ते 10 तास लागतात आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते बरंचसं झोपेतच, त्यामुळे 3 पर्यंत जागून केलेला अभ्यास तसाही गळतो. ग्रुप म्यूट कर, फोन रात्री आईच्या खोलीत. आणि त्या ग्रुपमधे तुझा एक तरी खरा मित्र असेलच ना, त्याला सांग "मला लागलं रे ते". मीम पुढे पाठवणं थांबवायचं काम तो करेल.

कोपरीहून लिहितोय. मुलगी आठवीत, वाशीला बॅडमिंटनला एकटी ट्रेनने जाते म्हणते. तिची आई घाबरते. पाठवू का?

पाठवा, पण टप्प्याटप्प्याने. दोन वेळा सोबत जा, तिसऱ्यांदा ती लेडीज डब्यात आणि तुम्ही जनरलमधे, मग एकटी. अंधार पडायच्या आत परत, एवढा नियम ठेवा. आणि कधीतरी ती वाशीच्या ऐवजी पनवेल गाडीत चढणारच, तुर्भेनंतर ती गाडी वाशीला जात नाही आणि जुईनगरवरून रडवेल्या आवाजात फोन येईल. तेव्हा स्कूटर काढू नका. "बरं, आता काय करशील?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. सीएसएमटीकडे जाणारी गाडी पकडली की सानपाडा, मग वाशीच, हे तिला इंडिकेटर बघून पाच मिनिटांत कळेल. ती पाच मिनिटं तुम्हाला जड जातील, माहितीये मला.