चित्रकारांशी बोलायचंय? मग दुपारी जा
मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी गप्पा मारायला जाऊ नकोस. तेव्हा सगळेच 'छान, छान' करतात. आडवारी दुपारी जा. चित्रकार खुर्चीत एकटाच बसलेला असतो. त्याला 'प्रेरणा कुठून मिळते' वगैरे विचारू नकोस, कंटाळतात बिचारे. फ्रेमिंगला किती गेले, घरभाडं कशातून निघतं, शिकवण्या घेता का, हे विचार. आधी स्वतःचं सांगितलंस तर समोरचाही मोकळा होतो. आपलं काम मोबाइलवर दाखवू नकोस, कागदच ने. जलरंगाचा ओघळ स्क्रीनवर कळत नाही. आणि 'कसं वाटलं?'ऐवजी 'हात कुठे थांबवायला हवा होता?' विचार. पूर्वी गॅलरीतच समोवार नावाचं कॅफे होतं, चहावर तासन्‌तास वाद रंगायचे. २०१५मध्ये तेही बंद झालं. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडणाऱ्यांशीही बोल, विक्रीचं गणित ते रोखठोक सांगतात.