शुक्रवारची उपासना

प्रश्न : लेकीला बहारीनच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ‘नोकरी हे निमित्त, मी प्रभूच्या सेवेला चाललेय,’ म्हणते. मुस्लिम देशात हे कसं जमायचं? जीव टांगणीला लागलाय. – एक आई, जालना

उत्तर : ताई, मीही बहारीनच्या राजधानीत, मनामात, नर्स होते. चर्चला जायला तिथं आडकाठी नाही. अमेरिकन मिशन हॉस्पिटल तर 1903 पासून उभं आहे. सुटी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. रविवारी ड्यूटी करताना आधी चुकल्यासारखं वाटतं, मग अंगवळणी पडतं.

मुसलमानांत धर्मप्रचार मात्र करायचा नाही. स्वतःचं पवित्र शास्त्र (बायबल) खुशाल न्यावं, वाटायची पत्रकं बॅगेत नकोत. रमजानात दिवसा रोजेदारांसमोर चहासुद्धा घेऊ नये. पेशंटनं आपणहून विचारलं, ‘तू प्रार्थना कुणाची करतेस?’ तर दोन वाक्यांत खरं सांगावं; वाद घालू नये. तुमच्या जालन्याच्या मिशन दवाखान्यात मलमपट्टीआधी कुणी धर्म विचारला का?

आणि ‘सेवा’ म्हणून ड्यूटीत कसूर, हे मला मुळीच पटत नाही. इंजेक्शन वेळेवर द्यायचं म्हणजे द्यायचं.

करारात साप्ताहिक सुटी कोणती, तेवढं निघण्याआधी वाचायला सांगा.