सायबर सिक्युरिटीत मास्टर्ससाठी स्कॉलरशिप: आधी कुठे बघावं आणि कुठे वेळ घालवू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ई. कॉम्प्युटर झालं आहे, पुण्यात एका एसओसीत (सायबर हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात) दीड वर्ष शिफ्टमध्ये काम करताय, सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करायचं आहे, पण त्यासाठी जमीन तारण ठेवून कर्ज काढायची घरच्यांची तयारी नाही. नेटवरून जमवलेली स्कॉलरशिपची लांबलचक यादी आहे आणि त्यातल्या कुठल्या मागे लागावं हे कळत नाही.

यादीतल्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न लावा: पैसे देणारा ते का देतोय? त्याचं उत्तर मिळालं की आपण त्यात बसतो का, अर्जात काय लिहायचं आणि नंतर आपल्याकडून काय अपेक्षा असेल, हे सगळं आपोआप उलगडतं. ‘सायबर सिक्युरिटी स्कॉलरशिप’ असं सर्च केलं की नेमकं हेच झाकलं जातं, कारण विषयाच्या नावाने मिळणारा पैसा फार थोडा आहे. बहुतेक पैसा देशाच्या, सामाजिक घटकाच्या किंवा विद्यापीठाच्या नावाने येतो.

तुमच्या यादीत सगळ्यात वर अमेरिकेची सायबरकॉर्प्स आहे. ती अजिबात खोटी नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा, पूर्ण फी, वर पदव्युत्तर विद्यार्थ्याला घसघशीत स्टायपेंड. पण अमेरिकी सरकार हे करतं ते स्वतःच्या खात्यांना माणसं मिळावीत म्हणून. जितका काळ स्कॉलरशिप घेतली, तितका काळ सरकारी नोकरी करायची, नाही केली तर त्या रकमेचं कर्ज होतं. साहजिकच ती फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. भारतीय मुलांसाठीच्या याद्यांत ती वर्षानुवर्षं फिरते आहे आणि दरवर्षी कुणीतरी तिच्यावर आठवडे घालवतं. ती आजच खोडा.

युरोपियन युनियनचा हेतू उलटा आहे: त्यांना जगभरातून चांगली मुलं युरोपातल्या विद्यापीठांत यायला हवी आहेत. म्हणून एरास्मस मुंडुसचे जॉइंट मास्टर्स भारतीयांना सरळ खुले असतात आणि तुमच्यासाठी परदेशातला सगळ्यात चांगला पर्याय मला हाच वाटतो. महिना १,४०० युरो, कमाल २४ महिने, शिकवणी फी नाही, विमा त्यातच. दोन वर्षांत दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकायला मिळतं. या विषयातलं ‘सायबरस’ हे नाव लक्षात ठेवा, त्यात फ्रान्सचं ब्रतान्य-स्युद विद्यापीठ, लक्झेम्बर्ग विद्यापीठ आणि एस्टोनियातलं टॅलटेक हे तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. एस्टोनिया छोटा देश म्हणून दुर्लक्ष करू नका. २००७ मध्ये तिथल्या बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं एकाच वेळी हल्ल्याखाली आली, पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये उभं राहिलं. हा विषय तिथे राष्ट्रीय गरज म्हणून शिकवला जातो.

मात्र युनियन प्रत्येक अभ्यासक्रमाला ठरावीक वर्षांपुरताच निधी देते. तीन वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवर विसंबू नका. एरास्मस मुंडुसचा अधिकृत कॅटलॉग उघडा आणि यंदाच्या प्रवेशाला स्कॉलरशिप आहे का ते त्या अभ्यासक्रमाच्या पानावर वाचा. बहुतेकांचे अर्ज हिवाळ्यात, साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास बंद होतात.

जर्मनीत स्कॉलरशिप शोधण्यापेक्षा फीच नसलेलं विद्यापीठ शोधणं सोपं. झारलांड विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं मास्टर्स इंग्रजीतून आहे, शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं काही शे युरोंचं शुल्क तेवढं भरायचं. सिस्पा ही या विषयातली नावाजलेली संशोधन संस्था त्याच शहरात आहे. अडचण वेगळीच येते: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. ते पैसे तुमचेच राहतात, दरमहा ९९२ युरो परत हातात येतात, पण सुरुवातीला उभे करावे लागतात. भारतातून जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) लागतं, त्याला वेळ द्या. आणि ‘जर्मनीत सगळं फुकट’ हेही पूर्ण खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठानेही (टीयूएम) २०२४ पासून फी लावली आहे.

ब्रिटनची चीव्हनिंग स्कॉलरशिप तिथलं परराष्ट्र खातं देतं. त्यांना आपापल्या देशात परत जाऊन वरच्या जागी पोचतील अशी माणसं हवी असतात. म्हणून निबंध नेतृत्वावर आणि लोकसंपर्कावर असतात आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तुमचं दीड वर्ष झालंय, तेव्हा तास मोजून बघा आणि नाही भरले तर पुढच्या वर्षासाठी ठेवा. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. क्रॅनफिल्डमधली चीव्हनिंग सायबर सिक्युरिटी फेलोशिप ही निराळी गोष्ट आहे: ती अनुभवी अधिकाऱ्यांसाठीचा छोटा कोर्स आहे, पदवी नव्हे.

आता घराजवळचं. तुम्ही यादीत गेट (एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) घेतलंच नाही, याचं वाईट वाटलं. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड २४ महिने मिळतो, म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. आयआयटीत त्या बदल्यात आठवड्याला आठ तासांचं टीचिंग असिस्टंटचं काम करावं लागतं, आणि प्रयोगशाळेत ज्युनिअर मुलांचे प्रोग्रॅम तपासताना विषय जितका पक्का होतो तितका वर्गात बसून होत नाही. पुण्यातच गिरीनगरला डीआयएटी आहे, संरक्षण खात्याची संस्था. तिथे सायबर सिक्युरिटीत एम.टेक. आहे आणि प्रवेशाला गेट चालतं. गुण तीन वर्षं वैध असतात, नोंदणी साधारण ऑगस्टअखेर सुरू होते, परीक्षा फेब्रुवारीत. परदेशी अर्ज करतानाही गेट देऊन ठेवा. नोकरी करत अभ्यास होतो, फक्त नाइट शिफ्टच्या आठवड्यात गणित धरू नका, तेव्हा जुने पेपर सोडवा.

राज्य आणि केंद्राच्या योजना सामाजिक न्यायासाठी आहेत, म्हणून इथे विषयाला महत्त्व नाही, तुमचा प्रवर्ग, उत्पन्न आणि विद्यापीठाची क्रमवारी यांनाच आहे. अनुसूचित जातींसाठी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास विभागांच्या आपापल्या योजना, मराठा समाजासाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयामार्फतची. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी १२५ जागा आहेत. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, निर्वाह भत्ता अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड.

इथे एक खाचखळगा नीट समजून घ्या. राज्याच्या योजनांत क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतल्या पहिल्या दोनशे-तीनशेतलं विद्यापीठ लागतं, आणि ती एकूण क्रमवारी असते, विषयाची नव्हे. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठात इन्फर्मेशन सिक्युरिटीचं मास्टर्स १९९२ पासून चालतं, या क्षेत्रात त्याचा दबदबा आहे, पण एकूण क्रमवारीत ते विद्यापीठ पहिल्या दोनशेत नाही. म्हणजे विषयासाठी उत्तम विद्यापीठ निवडाल आणि शिष्यवृत्तीला मुकाल. आधी योजना, मग विद्यापीठ, हा क्रम ठेवा. अटी गेल्या काही वर्षांत सारख्या बदलल्या आहेत, तेव्हा सीनियरने पाठवलेली पीडीएफ नको, त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा. शिवाय निवड होणं आणि पैसे खात्यात येणं यांत अंतर पडू शकतं. अशा वेळी गेटचा पर्याय हाताशी असलेला बरा.

ट्रस्टांबद्दल थोडंच सांगतो. जे. एन. टाटा एन्डोमेंट (१८९२ पासूनची), के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया, या तिन्हींचा मुख्य भाग लोन स्कॉलरशिप आहे, म्हणजे परतफेड करायची. पण अटी बँकेच्या कर्जापेक्षा कितीतरी सौम्य असतात. जमीन तारण ठेवणं टाळायचं असेल तर बँकेत जाण्याआधी इथे अर्ज करा.

नोकरी सोडायचीच नसेल तर जॉर्जिया टेकचं ऑनलाइन सायबर सिक्युरिटी मास्टर्स बघा. २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा पूर्ण पदवी १०,००० डॉलरच्या आत होती. स्कॉलरशिप न शोधताही पगारातून भागू शकेल असं ते आहे.

निबंधाबद्दल. आपल्याकडची निम्मी मुलं सुरुवात कॉसमॉस बँकेपासून करतात: ऑगस्ट २०१८, पुणे, सायबर हल्ल्यात गेलेले ९४ कोटी रुपये. घटना महत्त्वाची आहे, पण वाचणाऱ्याला ती माहीत आहे, त्यात तुम्ही कुठेच नाही. तुमच्याकडे त्याहून चांगलं साहित्य आहे. ‘मी सीम टूलवर अलर्ट हाताळते’ (सीम म्हणजे सगळीकडच्या नोंदी एकत्र करून धोक्याचे इशारे देणारं सॉफ्टवेअर) हे वाक्य काढा. त्याऐवजी एकच प्रसंग घ्या: कुठला अलर्ट रोज खोटा यायचा, तो का यायचा हे तुम्ही कसं शोधलंत, रूलमध्ये काय बदल सुचवलात, त्यानंतर शिफ्टचं काम किती हलकं झालं, आणि त्यातला कुठला प्रश्न अजून सुटलेला नाही. तो न सुटलेला प्रश्न म्हणजेच मास्टर्स का करायचं याचं उत्तर. ग्राहकाचं नाव, आयपी, स्क्रीनशॉट यातलं काहीही लिहू नका. या क्षेत्रात गोपनीयता पाळणं हीसुद्धा पात्रताच धरली जाते.

‘तुमची निवड झाली, डिपॉझिट भरा’ असा मेल आला तर रोज ऑफिसात करता तेच करा: डोमेन बघा, हेडर बघा, आणि संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरून खात्री करा.

कागदपत्रं आत्तापासून जमवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट. आणि आपल्या मुलांना हमखास नडणारी गोष्ट: मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि खाली आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशी पोर्टलमध्ये भरायचं ते पासपोर्टप्रमाणे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, एपीएस आणि व्हिसा दोन्हीकडे उपयोगी पडेल.

शिफारसपत्रासाठी एक प्राध्यापक आणि एसओसीतला टीम लीड असे दोघे निवडा. टीम लीडला तो रूलवाला प्रसंग आठवून द्या, म्हणजे पत्रात ‘मेहनती आहे’ याच्या पलीकडे काही येईल.

प्रश्नात तुम्ही प्रवर्ग, कुटुंबाचं साधारण उत्पन्न आणि सीजीपीए लिहिलेलं नाही. सांगण्यासारखं वाटत असेल तर तेवढं कळवा, म्हणजे राज्याच्या योजनांपैकी कुठली तुम्हाला लागू पडते आणि तिच्यासाठी कुठली विद्यापीठं धरावीत ते नेमकं सांगता येईल.