‘गोळी आता लागू पडत नाही’

प्रश्न : डॉक्टरताई, मी ३४ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं निदान झालं तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं. गेल्या वर्षीच्या मेपासून मी सकाळी सातला मेथिलफेनिडेटची लांब टिकणारी १८ मिलिग्रॅमची गोळी घेते. पहिल्या आठवड्यात घरातला मिक्सर बंद झाल्यावर होते ना, तशी शांतता डोक्यात झाली होती. मी रडले होते तेव्हा. पण यंदा जुलैपासून गोळी म्हणजे नुसतं पाणी. दुपारी तीननंतर एकच व्हाउचर चार-चार वेळा वाचते. रिटर्नच्या गडबडीत घरी यायला नऊ वाजतात, झोपायला एक. मध्ये दोनदा मी मुलाची १० मिलिग्रॅमची गोळी घेतली. शरीराला औषधाची सवय झाली का? मैत्रीण म्हणते, शनिवार-रविवार बंद ठेव, सोमवारी पुन्हा चढेल. का डोसच वाढवून मागू?

उत्तर : आधी मुलाच्या गोळीबद्दल. तुम्ही ते लिहिलंत हे फार बरं केलंत. मी रागावणार नाही, पण पुन्हा करू नका. मेथिलफेनिडेट कायद्याने ‘अनुसूची एक्स’मध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि औषधवाल्याला एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. इतकी काळजी घेतात ती उगाच नाही. तुमची गोळी अंगात असताना वरून दुसरी पडली की नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढू शकतात, आणि तिसऱ्या प्रहरी घेतली असेल तर त्या रात्रीची झोपही जाते. शिवाय मुलाच्या दोन गोळ्या कमी पडल्या, त्या दोन दिवसांचं शाळेत काय झालं असेल?

आता तुमचा मुख्य प्रश्न. सवय होते का? होऊ शकते. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्यात सवयीपेक्षा घड्याळ जास्त दिसलं. सातला घेतलेली गोळी तीनला आठ तास जुनी असते. ‘लांब टिकणारी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. काही आठ तासांत आटोपतात, काही बारापर्यंत जातात. तेव्हा तुमची गोळी कदाचित आपलं काम पुरं करून संपत असेल. पूर्वी तुम्ही सहाला ऑफिसातून निघत असाल, तर हे लक्षातही आलं नसेल. आता दिवस नऊपर्यंत लांबला, गोळी तेवढीच राहिली.

दिवसाच्या दिवसात येणारी सवय मात्र खरी असते, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना हे औषध दिवसभर एकसारख्या पातळीवर राहील असं देऊन पाहिलं. पातळी तीच, तरी दुपारनंतर परिणाम ओसरला! सकाळी कमी आणि दुपारकडे चढत जाणारी मात्रा दिली, तेव्हा तो टिकला. त्यावरूनच आतून हळूहळू जास्त औषध सोडणारी गोळी निघाली आणि २०००मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही सवय रात्रीतून उतरते, म्हणून दुसऱ्या सकाळी गोळी पुन्हा लागू पडते. तुमच्या सकाळी ठीक जातात का? पत्रात तक्रार फक्त तीननंतरची आहे.

महिनोन्महिने घेऊन येणाऱ्या सवयीबद्दल २०१३ साली एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर औषध घेतलेल्या प्रौढांच्या मेंदूत डोपामिन हे निरोप नेणारं रसायन पेशींत परत ओढून घेणारे वाहक सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. हे औषध अडवतं ते याच वाहकांना. पण माणसं अगदी थोडी होती, आणि वाहक वाढले म्हणजे गुण गेला असं त्यातून सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षं एकाच डोसवर नीट चाललेले लोक माझ्या ओपीडीत आहेत.

आणि ती पहिल्या आठवड्यातली शांतता? ती बहुतेकांची ओसरते. तिला औषधाचं माप धरू नका. माप धरा ते चुकलेल्या एंट्र्यांचं, गॅसवर उतू गेलेल्या दुधाचं, न सापडणाऱ्या चावीचं. घरच्यांना विचारा, त्यांना तुमच्याआधी कळतं.

माझ्याकडे येणारे एक शिक्षक, त्यांचीही हीच तक्रार होती. मी त्यांना रिकाम्या स्ट्रिपा टाकू नका म्हटलं. पुढच्या वेळी त्यांनी टेबलावर स्ट्रिप ठेवली. प्रत्येक खळग्याशेजारी बारीक आकडे होते. चंदेरी कागदावर बॉलपेन घसरतं, म्हणून त्यांनी ते जवळजवळ कोरलेच होते. वर गोळीची वेळ, खाली झोपेचे तास. गोळी लागू पडली नाही म्हणून ज्या दिवसांवर फुली होती त्या जवळजवळ सगळ्यांखाली चार किंवा साडेचार लिहिलेलं. आम्ही डोसला हात लावला नाही, झोपेला लावला.

तुम्ही एकला झोपता आणि सातच्या आत उठता. अशा झोपेवर कुठलीही गोळी दमते.

शनिवार-रविवारची सुट्टी सोमवारी गुण वाढवते असा भक्कम पुरावा नाही. मुलांची भूक किंवा उंची मागे पडत असेल तर डॉक्टर कधी मोठ्या सुट्टीत औषध थांबवतात, त्याचं कारण वेगळं. तुम्ही आपल्या मनाने बंद केलंत तर मरगळ, झोपाळूपणा, चिडचिड येऊ शकते, आणि अशात दुचाकी चालवणं धोक्याचं. थांबवून पाहायचंच असेल तर डॉक्टरांशी ठरवून, ऑडिटच्या दिवसांत नको.

डोस वाढवावा लागेलही. १८ ही काही मोठी मात्रा नव्हे. पण तो निर्णय रक्तदाब, नाडी आणि वजन पाहून तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी घ्यायचा. त्याआधी दोन आठवडे गोळीची वेळ, झोप, नाश्ता केला की नाही, चहा किती, पाळीची तारीख, हे लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गुण कमी वाटतो असं पुष्कळ बायका सांगतात. जुलैत स्ट्रिपवरची कंपनी बदलली का, तेही पाहा. २०१४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशाच गोळीच्या दोन पर्यायी उत्पादनांबद्दल ती मूळ गोळीइतकी खात्रीची नसावीत असं जाहीर केलं होतं. गोळी फोडू-चुरू मात्र नका. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा धडधड थांबेना, तर लगेच दवाखाना गाठा.

भेटीला जाताना तुमची वही आणि तुमच्या स्ट्रिपा सोबत न्या. आणि मुलाच्या डॉक्टरांना त्याच्या दोन गोळ्या कशा कमी झाल्या, ते आपण होऊन सांगा.