दीड वर्षाच्या मुलाशी बोलताना
या वयात मुलांना बोलता येते त्यापेक्षा कितीतरी अधिक समजते, हे तुम्ही प्रथम लक्षात घ्यावे. माझ्या मुलाचा ‘भू’ म्हणजे पाणीही आणि ‘भूर जायचे’ही, बोट माठाकडे आहे की चपलांकडे, यावरूनच अर्थ लावावा लागे. ‘पाणी हवे? घे पाणी’ असा पूर्ण शब्द आपण उच्चारावा, त्याचा उच्चार मात्र दुरुस्त करत बसू नये, आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे, कारण घरातली मोठी माणसे (आमच्याकडे आजी विशेषच) त्याच्या आधी उत्तर देऊन मोकळी होतात. ‘पळू नको’पेक्षा ‘हळू चाल’ लवकर कळते. दोन वर्षे पूर्ण होऊनही ‘आई ये’ असे दोन शब्द मूल जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर न विसंबता बालरोगतज्ज्ञांना श्रवणचाचणीविषयी विचारावे.